बेट ‘करायचं’ नाही!

‘‘आठ दिवस एकाच ठिकाणी? आणि करणार काय तिथे?’’

गेल्या महिनाभरात हा प्रश्न मला पाच जणांनी विचारलाय. सासूबाईंनी, माझ्या आईने, ऑफिसातल्या शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीने, व्हिसाची कागदपत्रं तपासून देणाऱ्या एजंटने आणि पाचवी मी स्वतः. पहिल्या चौघांना मी हसून ‘काहीच नाही’ असं उत्तर देऊन टाकलं. पाचवीला पटवायला मात्र अख्खा महिना गेला.

तर मंडळी, येत्या ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघं, म्हणजे नवरोबा आणि अस्मादिक, भूमध्य समुद्रातल्या गोझो नावाच्या बेटावर चाललोय. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, मीही ऐकलं नव्हतं. माल्टा देशाचं हे धाकटं बेट. क्षेत्रफळ सुमारे ६७ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या मुंबईएवढं. फरक इतकाच, की या मुंबईत २०११ च्या जनगणनेला तीस लाखांवर माणसं होती आणि २०२१ च्या जनगणनेत गोझोवर होती साधारण ३९ हजार. आपल्या गर्दीच्या वेळच्या आठ-दहा लोकल रिकाम्या करा, झालं अख्खं बेट!

आता एवढंसं बेट दोन दिवसांत ‘होतं’ की, असं तुमच्या मनात आलंच असेल. माझ्याही आलं. हाच तर आपला प्रॉब्लेम आहे.

तुम्ही कधी लक्ष दिलंय का, आपण मराठी माणसं गावं बघत नाही, गावं ‘करतो’. पोळ्या केल्या, भाजी केली, इटली केलं. ‘‘स्वित्झर्लंड झालं का तुमचं?’’ ‘‘हो, ते मागच्याच वर्षी उरकलं.’’ माझं बालपण बाबांच्या एलटीसीवर गेलं. पहाटे चारला आंघोळ, सहाला बस, दिवसात नऊ पॉइंट. त्यातला एक जरी सुटला तरी बाबांचा चेहरा पडायचा, कारण पैसे दिले होते ना! दोन दिवसांत अष्टविनायक करणाऱ्या घरातली मी. युरोपातली सहा शहरं मला दहा दिवसांत जास्तच निवांत वाटली होती.

हो, तीन वर्षांपूर्वी आम्ही तेही केलंय. दहा दिवस, सहा शहरं, आणि रंग भरलेली एक्सेल शीट. हिरवा म्हणजे पाहून झालं, पिवळा म्हणजे बाकी, लाल म्हणजे तिकीट काढलंय, चुकवायचं नाही. नवव्या दिवशी एका रेल्वे स्टेशनच्या बाकड्यावर नवरोबा मांडीवर सॅक घेऊन बसल्या बसल्या झोपला. मी त्याला हलवून उठवलं, कारण म्युझियमचं तिकीट लाल रंगात होतं. त्याने डोळे उघडले आणि शांतपणे विचारलं, ‘‘मी सुट्टीवर आलोय की तुझ्या प्रोजेक्टवर?’’

त्यानंतर आम्ही घरी पोचेपर्यंत बोललो नाही. म्युझियम पाहिलं. काय पाहिलं, ते आता आठवत नाही. बाकडं आठवतं.

मग तीन वर्षं सुट्टीचा विषयच निघाला नाही. या वर्षी मार्चमधल्या एका सोमवारी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि उतरलेच नाही. वीस मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते. दुखत काही नव्हतं, फक्त दार उघडायचं बळ नव्हतं. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या, रिपोर्ट नॉर्मल आले. त्यांनी चष्मा काढून विचारलं, ‘‘शेवटचं निवांत कधी बसला होता?’’ मी एवढा वेळ विचार करत राहिले, की त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या रात्री मीच म्हटलं, ‘‘कुठेतरी जाऊया. नुसतं बसायला.’’ नवरोबाने टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाला, ‘‘येतो. पण एका अटीवर. एक्सेल उघडायचं नाही.’’

आता इथे एक गंमत आहे. एक्सेल न उघडता भारतीय माणूस युरोपात जाऊच शकत नाही! माल्टा २००७ पासून शेंगेनमध्ये आहे, म्हणजे शेंगेन व्हिसा आला. त्याला राहण्याचं बुकिंग लागतं, जाण्यायेण्याचा तपशील लागतो, किमान ३० हजार युरोचं कव्हर असलेला मेडिकल इन्शुरन्स लागतो, बँकेची स्टेटमेंट्स लागतात, आणि वर ९० युरो फी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात. तरी हातात दोन महिने ठेवा, हा माझा सल्ला. कारण ‘पासपोर्ट आला का?’ या टेन्शनमध्ये गेलेले शेवटचे पंधरा दिवस भरून काढायला पुन्हा वेगळी सुट्टी लागेल.

थोडक्यात काय, निवांतपणाचंसुद्धा प्लॅनिंग करावं लागतं. फक्त ते उलटं असतं. एरवी आपण काय काय घालता येईल ते बघतो. इथे काय काय काढून टाकता येईल ते बघायचं.

सगळ्यात आधी आम्ही जुलै-ऑगस्ट काढून टाकले. तेव्हा तिथे पारा तिशीच्या वर आणि अर्धा युरोप समुद्रात. ऑक्टोबरमध्ये गर्दी ओसरलेली असते, पण उन्हाळाभर तापलेला समुद्र इतक्यात थंड होत नाही, त्यामुळे पोहता येतं. एखादी पावसाची सर येऊ शकते. येऊ दे, आपल्याला पावसात बसायची सवय आहे.

मग काढून टाकलं दुसरं बेट. ‘‘तिथपर्यंत जाताच आहात तर सिसिलीही करून या, जवळच आहे,’’ असं एजंट प्रेमाने म्हणाला. माझा हात पेनाकडे गेला होता, खोटं कशाला बोलू! पण प्रत्येक मुक्काम बदलला की एक दिवस बॅगा भरण्यात, चेकआउटमध्ये आणि ‘चार्जर घेतलास का?’ मध्ये जातो. आठ दिवसांत तीन मुक्काम म्हणजे दोन दिवस चार्जरला. त्यामुळे एकच खोली. श्लेंडी नावाच्या गावात, दोन कड्यांमध्ये शिरलेल्या छोट्याशा खाडीजवळ.

शेवटी काढला पोचल्या दिवसाचा कार्यक्रम. आपल्याकडून माल्टाला थेट विमान नाही, दुबई किंवा इस्तंबूलला बदलावं लागतं. माल्टाच्या विमानतळावरून बसने तासाभराहून जास्त वेळ चिरकेव्वा धक्क्यापर्यंत, आणि तिथून साधारण पंचवीस मिनिटांची फेरी. ही फेरी रात्रीही चालू असते, त्यामुळे विमानाला उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही. राजधानी व्हॅलेटाहून थेट गोझोला जाणारी पाऊण तासाची फास्ट फेरीही २०२१ पासून आहे. एवढं करून पोचलेल्या माणसाने फक्त झोपावं.

सोपं वाटतं ना? पण नंतर आमचं भांडण झालंच. नवरोबानेही गुपचूप एक यादी केली होती! त्यात सगळ्यात वर होती ‘अझूर विंडो’, समुद्रात उभी असलेली दगडी कमान. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पहिल्या सीझनमध्ये तिच्यासमोर लग्न लागतं तीच. मी शोधलं, तर ती ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळून समुद्रात गेली आहे. इतकी वर्षं उभी असलेली कमान एका सकाळी गेली. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत राहिलो आणि मग हसत सुटलो. यादीतली पहिलीच गोष्ट जगात शिल्लक नव्हती, आणि आम्ही तिच्यावरून अर्धा तास भांडत होतो, सकाळी जायचं की संध्याकाळी!

मग तह झाला. आठ दिवसांत ठरवून बघायच्या गोष्टी फक्त तीन. एक, जिगांतियाची मंदिरं. साडेपाच हजार वर्षांपूर्वीची, इजिप्तच्या पिरॅमिडपेक्षा जुनी, आणि त्यातले काही दगड पन्नास टनांच्या वरचे. दोन, श्वेयनीची मिठागरं. समुद्रकाठच्या खडकात कोरलेले चौकोनी वाफे, ज्यात काही कुटुंबं अजूनही दर उन्हाळ्यात मीठ पिकवतात. भाईंदरची मिठागरं ट्रेनच्या खिडकीतून बघत वाढलेल्या माझ्यासारखीला याचं अप्रूप वाटणारच. आणि तिसरी सगळ्यात मजेदार. बेटाचं मुख्य गाव व्हिक्टोरिया. तिथे एकाच रस्त्यावर दोन ऑपेरा हाउस आहेत, ॲस्ट्रा आणि अरोरा. दोन वेगवेगळ्या चर्चच्या मंडळींची, एकमेकांशी पिढ्यान्पिढ्या चुरस. दोघांचाही ऑपेरा ऑक्टोबरमध्येच! पुण्यात गणपती मंडळांच्या शेजारी राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एक ऑपेरा बघायचा. कोणाचा, ते तिथे गेल्यावर.

बाकी सगळं मोकळं. बस व्हिक्टोरियाहून चारी दिशांना सुटतात, हव्या तेव्हा बसायचं. शाकाहारी नवरोबाची सोय आहे. ‘पास्तीझी’ म्हणजे वाटाण्याचं किंवा रिकोटा चीजचं सारण भरलेले खुसखुशीत पॅटिस, मेंढीच्या दुधाचं ‘जबेयना’ चीज आणि बटाट्याचे काप पसरलेली ‘फ्तीरा’. भाषा तर अजून गोड. माल्टी भाषेचं मूळ अरबी, लिपी मात्र रोमन, त्यामुळे जगाला ‘दिन्या’ म्हणतात आणि पुस्तकाला ‘क्तिएब’. आपली दुनिया आणि किताब! निरोप घेताना म्हणतात ‘साह्हा’, म्हणजे तब्येत चांगली राहो. हे वाचून मला उगाचच त्या डॉक्टरांची आठवण झाली.

एक गोष्ट मात्र अजून माझ्याच्याने काढून टाकवत नाहीये. लॅपटॉप. नवरोबा म्हणतो, नाही न्यायचा. मी म्हणते, फक्त सकाळी अर्धा तास. वेळेचा फरक साडेतीन तासांचा. माझी तिथली सकाळ उजाडेपर्यंत ऑफिसात दुपारच्या जेवणाची वेळ झालेली असणार, आणि इनबॉक्समध्ये चाळीस मेल. अर्धा तास कधी दुपार होतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

गोझोची एक दंतकथा आहे. होमरच्या महाकाव्यातला ओडिसियस युद्धावरून घरी परतताना कॅलिप्सो नावाच्या अप्सरेच्या बेटावर अडकला, ते बेट हेच असं इथले लोक मानतात. रम्ला नावाच्या तांबड्या वाळूच्या किनाऱ्यावर तिची गुहाही दाखवतात. सात वर्षं राहिला तो. समुद्र, ऊन, खाणंपिणं, सेवेला अप्सरा. आणि तो काय करायचा? रोज किनाऱ्यावर बसून घराच्या दिशेने बघत रडायचा. कारण शरीर बेटावर होतं आणि मन दुसरीकडे. मंडळी, त्या ओडिसियसकडे लॅपटॉपसुद्धा नव्हता हो!

ही गोष्ट वाचली आणि मी दुसऱ्या दिवशी बॉसला जाऊन सांगितलं, की आठ दिवस मी नसेन. ‘मेलवर असेन’ हे वाक्य ओठांवर आलं होतं, ते गिळलं. बॉस दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, ‘‘ओके, मग हँडओव्हर कोणाला?’’ बस, एवढंच! सहा वर्षं मी ज्या प्रश्नाला घाबरत होते, त्याचं उत्तर माझ्या डाव्या बाजूच्या डेस्कवर बसून भेळ खात होतं.

परवा सासूबाईंना सगळा प्लॅन सांगितला. खर्चाचा आकडा ऐकून त्यांनी डोळे मिटले. मग मी माझा हुकमी एक्का काढला. ‘‘आई, त्या मोठ्या फेरीचं एक आहे. गोझोला जाताना तिकीटच काढावं लागत नाही. फक्त परत येताना काढायचं.’’

‘‘म्हणजे जाणं फुकट?’’ त्यांनी डोळे उघडले.

‘‘फुकट. परत यायचे पैसे.’’

त्या हसल्या. मला वाटलं आता म्हणतील, वसूल झालं मग. पण त्या हातातली लसूण सोलत थोडा वेळ गप्पच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘माझं तर जन्मात आठ दिवस नुसतं बसणं झालं नाही गं. बाळंतपणातसुद्धा नाही.’’ लसणीची सालं गोळा करून त्या उठल्या आणि जाता जाता दारातून म्हणाल्या, ‘‘जाऊन बसा. आणि जमलं तर आल्यावर मलाही सांग, कसं करतात ते.’’

एक्सेल शीटमध्ये आठ ओळी रिकाम्या आहेत. त्यातल्या शेवटच्या ओळीत मी आज एवढंच लिहिलंय: परत येणे. पुढच्या वेळी तीन तिकिटं.