'आहट' आणि 'सीआयडी' एकत्र आले तर भुताची जात कोण विचारणार?



पावसाळ्यात गगनबावड्यातल्या एका वाडीवर प्रबोधनाच्या बैठकीला गेलो होतो. धुकं दाटलेलं, लाईट गेलेली. साहजिकच विषय भुतांवर गेला. एका पोराने विचारलं, "सर, 'आहट' आणि 'सीआयडी' एकाच एपिसोडमध्ये आले तर कोण जिंकेल?" सगळे हसले. आम्हाला मात्र प्रश्न आवडला.

दोन्ही मालिका सोनीवरच्या, दोन्ही बी. पी. सिंग यांच्या. 'आहट' १९९५ ची, 'सीआयडी' १९९८ ची. पहिलीत भूत खरं असतं, दुसरीत भुतामागे बहुतेक वेळा माणूस सापडतो. २०१२ साली 'सीआयडी' आणि 'अदालत' यांची गाठ घातली गेलीच होती. मग हीही घालून बघू.

समजा, करूळ घाटात हडळ दिसली. 'आहट' दार करकरवेल. 'सीआयडी' विचारेल, मेलं कोण, कशाने, फायदा कुणाचा? पण भुताची जात कोणती, हे दोघेही विचारणार नाहीत. ते आपल्यालाच विचारावं लागेल.

हसू नका. मुंजा कोण? मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा. ब्रह्मराक्षस तर वर्ण नावातच घेऊन फिरतो. आणि बाळंतपणात मेलेली बाई? ती हडळ! म्हणजे मेल्यावरही जात सुटत नाही आणि बाईचा छळही संपत नाही. कोल्हापूर इथून सुमारे ५५ किलोमीटर. भर पावसात गरोदर बाईला वाडीवरून झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागत असेल आणि ती वाटेत दगावली, तर जबाबदार कोण? तिला हडळ म्हटलं की रस्ता, गाडी, दवाखाना यांचा हिशोब कुणी मागत नाही.

काही जण म्हणतील, मालिका म्हणजे करमणूक, एवढं काय मनावर घ्यायचं? आम्हीही लहानपणी गोधडीत तोंड लपवून 'आहट' पाहिलंय. भीती वाटण्याला आमची हरकत नाही. पण पडद्यावर खरा ठरलेला मांत्रिकच उद्या तापाने फणफणलेल्या पोरीच्या उशाशी बसतो, त्याचं काय?

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. हे वाडीवर किती जणांना माहीत आहे? बैठकीत आम्ही विचारलं, एकही हात वर आला नाही. दोष त्यांचा नाही, आपला आहे.

बुद्धांनी कालामांना सांगितलं, ऐकीव आहे किंवा परंपरेने आलंय म्हणून मानू नका. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या फक्त १४ ऑक्टोबरला म्हणायच्या नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांनो, गावात कुणी 'बाधा झाली' म्हटलं की तीन गोष्टी वहीत लिहा: आजारी कोण, दवाखाना किती लांब, न्यायला गाडी का मिळाली नाही. ती वही ग्रामसभेत वाचा. भूत कुठे दडलंय ते तिथे कळेल.

जय भीम! जय संविधान!