मताधिकार नाही, तरी मतांसाठी वेठीस

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की उमेदवाराच्या धोरणांबरोबरच त्याच्या पत्नीचा पेहराव, भाषण आणि पूर्वायुष्य यांचीही चर्चा रंगते. त्याचा दोष दूरचित्रवाणीला आणि समाजमाध्यमांना दिला जातो. प्रत्यक्षात अमेरिकी राजकारणाला हे वळण १९व्या शतकातच लागले होते.

१८२८ची निवडणूक हे त्याचे सर्वांत कटू उदाहरण. अँड्र्यू जॅक्सन यांच्या पत्नी रेचेल यांचा हा दुसरा विवाह होता. पहिल्या पतीपासून घटस्फोट झाला आहे, अशा समजुतीने तो झाल्याचे दांपत्याचे म्हणणे होते. तो कायदेशीर झाला नसल्याचे कळल्यावर १७९४ मध्ये त्यांनी रीतसर पुन्हा विवाह केला. तरीही तीन दशकांनंतर विरोधी वृत्तपत्रांनी रेचेल यांना व्यभिचारिणी ठरविले. जॅक्सन विजयी झाले. मात्र शपथविधीपूर्वीच, डिसेंबर १८२८ मध्ये रेचेल यांचे निधन झाले. त्याचे खापर जॅक्सन यांनी विरोधकांवर फोडले.

हा घाव ताजा असतानाच युद्धमंत्री जॉन ईटन यांच्या पत्नी मार्गारेट यांच्या चारित्र्याविषयी वॉशिंग्टनमध्ये कुजबुज सुरू झाली. उपाध्यक्ष कॅल्हून यांच्या पत्नी फ्लोराइड आणि काही मंत्र्यांच्या पत्नींनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. जॅक्सन ईटन यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १८३१ मध्ये जवळपास सारे मंत्रिमंडळ बदलले. कॅल्हून मागे पडले. ईटन दांपत्याशी सौजन्याने वागलेले मार्टिन व्हॅन ब्युरेन पुढे अध्यक्ष झाले.

हे याच काळात घडण्यालाही कारण होते. मालमत्तेची अट शिथिल होऊन श्वेतवर्णीय पुरुषांचा मताधिकार विस्तारत होता आणि वृत्तपत्रे उघडपणे पक्षांची मुखपत्रे होती. घर हे स्त्रीचे क्षेत्र आणि घराची नीती राखणे तिचे कर्तव्य, ही धारणा समाजात रुजलेली होती. त्यामुळे पत्नीवर डाग लावणे हा पतीला नामोहरम करण्याचा सोपा मार्ग ठरला.

यादवी युद्धात मेरी लिंकन यांनी तो अनुभव घेतला. व्हाइट हाऊसच्या नूतनीकरणासाठी मंजूर झालेल्या २० हजार डॉलरपेक्षा अधिक खर्च केल्याने त्या टीकेच्या धनी झाल्या. त्यांचे सावत्र भाऊ दक्षिणेच्या सैन्यात असल्याने त्यांच्या निष्ठेवरही संशय घेतला गेला. वैधव्यात, १८६७ मध्ये त्यांनी कपडे विक्रीस काढले, तेव्हा वृत्तपत्रांनी सहानुभूतीऐवजी त्यांची खिल्ली उडविली.

शतकाच्या अखेरीस प्रसिद्धीचे स्वरूप बदलले. पत्नीची सुटका मात्र झाली नाही. १८८६ मध्ये २१ वर्षांच्या फ्रान्सिस फॉल्सम यांचा अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्याशी व्हाइट हाऊसमध्येच विवाह झाला. त्यांची छबी परवानगीविना जाहिरातींत झळकू लागली. त्याला आळा घालण्यासाठी १८८८ मध्ये काँग्रेसमध्ये विधेयक मांडले गेले, पण ते संमत झाले नाही. त्याच वर्षी पती त्यांना मारहाण करतात, अशी अफवा उठली आणि ती खोडून काढण्यासाठी त्यांना जाहीर पत्र लिहावे लागले.

निंदा असो वा कौतुक, या स्त्रियांची प्रतिमा त्यांच्या स्वतःच्या हाती नव्हती. मतपेटीवर प्रभाव टाकण्यासाठी त्यांचे नाव वापरले गेले. लिंगाच्या आधारे मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी घटनादुरुस्ती होण्यास मात्र १९२० साल उजाडावे लागले.