जुनी तार, झिजलेली फ्रेट
गिटारीची तार तुटेपर्यंत बदलायची नाही, असा अनेकांचा शिरस्ता असतो. त्यात पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण त्याची किंमत फ्रेट मोजते. सतारीला जसे पडदे, तशा गिटारीला फ्रेट. बहुतेक गिटारींत त्या जर्मन सिल्व्हरच्या असतात. नावात चांदी असली तरी आत तांबं, जस्त आणि निकेल. पोलादी तार त्याहून कठीण, त्यामुळे थोडी झीज होणारच. पण बोटांचा घाम आणि पावसाळी दमट हवा लागून खालच्या बारीक, वर गुंडाळी नसलेल्या तारांना गंज धरला, की तीच तार कानशीसारखी घासू लागते. सूर चढवायला ती आडवी ओढली तर जास्तच. जुन्या तारेच्या खालच्या अंगाने नख फिरवून बघा, फ्रेटच्या जागी बारीक खाचा लागतील. तशाच खाचा पहिल्या तीन फ्रेटवरही दिसतात, कारण नेहमीचे कॉर्ड तिथेच धरले जातात. मग तार झणझणते, सूर हलतो. फ्रेट घासून सपाट करता येते, पण दर वेळी तिची उंची कमी होते; शेवटी ती बदलावीच लागते, आणि ते काम तारांच्या संचापेक्षा कितीतरी महाग. म्हणून हात धुऊन वाद्य हाती घ्या, वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा वरून-खालून पुसा, आणि तार खरखरीत लागली की बदला. वाद्याची एवढी सेवा आपल्याकडून व्हायलाच हवी.