धुऱ्यावर उभं राहून

तिळगुळाच्या कार्यक्रमानंतर परदेशातल्या आपल्या मराठी मंडळानं ‘बिटर सीड्स’ हा माहितीपट दाखवला, त्या संध्याकाळी मी जरा जास्तच बोलले. काहींना ते लागलं, हे नंतर कानावर आलं. तेव्हा आवाज चढवून जे बोलले, ते नीट मांडावं म्हणून हा लेख लिहिते आहे.

मिखा पेलेड यांनी २०११ साली केलेला हा माहितीपट यवतमाळ जिल्ह्यातल्या तेलंगटाकळी गावात घडतो. पेरणीपासून वेचणीपर्यंत कापसाचा एक हंगाम, बीटी बियाणं, कर्ज आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्रकार होऊ पाहणारी मुलगी. माझं दिग्रस त्याच जिल्ह्यातलं. त्यामुळे बाकीचे चित्रपट बघत होते आणि मी ओळखीच्या खुणा शोधत होते. पडद्यावर पऱ्हाटी दिसली आणि मला आईची बोटं आठवली. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसतात. वेचणीच्या दिवसांत रात्री आई दिव्याजवळ बसून बोटांना खोबरेल लावायची आणि सकाळी पुन्हा कमरेला फडकं बांधून वावरात जायची.

चित्रपट संपला, दिवे लागले, चहा आला. मग प्रतिक्रिया सुरू झाल्या. “मुलांना हे दाखवायला नको होतं.” “शिक्षण नाही ना, कोणीही येतं आणि काहीही विकून जातं.” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असा प्रश्न, “पण मग ही माणसं सेंद्रिय शेती का करत नाहीत?” पाच मिनिटांत उपायांची यादी तयार झाली. ऑरगॅनिक कापसाचेच कपडे घ्यायचे, कापडी पिशव्या वापरायच्या, एखाद्या संस्थेला देणगी पाठवायची. अॅल गोर यांच्या २००६ सालच्या चित्रपटात शेवटच्या श्रेयनामावलीसोबत काय काय करता येईल याची यादी पडद्यावर येते. इथे ती प्रेक्षकांनीच केली आणि यादी झाल्यावर सगळ्यांना हलकं वाटलं.

मला हलकं वाटलं नाही. गाडीत मागच्या सीटवरून माझी अकरा वर्षांची लेक म्हणाली, “आई, बरं झालं तू तिथून निघून आलीस.” ती प्रेमानं बोलली, पण घरी पोचेपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आधी शिक्षणाचं बोलू. मृगाचे चार थेंब पडल्यावर आज पेरायचं की पुढच्या पावसाची वाट बघायची, हे कोरडवाहू शेतकऱ्याला एकट्याला ठरवावं लागतं. चुकलं तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट. आपण इथे पेन्शनचे पैसे कुठे गुंतवायचे हे ठरवायला सल्लागार नेमतो, आणि त्याचं चुकलं तरी आपल्या घरची चूल विझत नाही. जोखीम एवढी मोठी आणि हाताशी पैसा एवढा कमी असताना शेतकरी जे निवडतो, त्याला अडाणीपणा म्हणू नका.

बीटी कापसाला देशात २००२ साली परवानगी मिळाली. त्याच्या आधी आमच्या घरी सरकी ठेवली जायची. पेरणीआधी ती शेणात घोळायची, म्हणजे तिला चिकटलेले तंतू बसून जायचे आणि दाणा दाण्यापासून सुटा व्हायचा. आम्हा पोरांचं ते आवडतं काम होतं. बीटी आलं ते संकरित वाणांतून. संकरित बी घरी राखून पुढच्या साली पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दर साली नवी बॅग घ्यावी लागते. सुरुवातीला बोंडअळी खरंच आटोक्यात आली, म्हणून तर लोकांनी ते घेतलं. पण मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर बीटीचा काही परिणाम नव्हता. पुढे गुलाबी बोंडअळीही बीटीच्या विषाला सरावली आणि फवारण्या पुन्हा वाढल्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती. पाठीवर पंप घेतलेला माणूस डोक्याच्या वर फवारत होता आणि औषध त्याच्याच अंगावर उतरत होतं. त्यात मजुरीनं फवारणारे कितीतरी होते. बियाणं त्यांनी निवडलं नव्हतं आणि औषधही नाही.

आता तो मोठा प्रश्न. सेंद्रिय का करत नाहीत? करणारे आहेत. यवतमाळचे सुभाष शर्मा यांना नैसर्गिक शेतीसाठी २०२५ साली पद्मश्री मिळाली. उपाय आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यासाठी परदेशी चित्रपटाची गरज नाही. पण तो उपाय वर्षानुवर्षं एकाच जमिनीवर राबून हाताला येतो. शेणखत आज टाकलं तर त्याचा गुण दोन-तीन साल दिसत राहतो. धुऱ्यावर लावलेलं झाड सावली आणि पालापाचोळा द्यायला काही वर्षं घेतं. सेंद्रिय प्रमाणपत्र हवं असेल तर आपल्याकडच्या नियमांप्रमाणे कापसासारख्या हंगामी पिकालाही आधी दोन वर्षांचा रूपांतरणाचा काळ काढावा लागतो. त्या दोन वर्षांत उत्पन्न कमी येऊ शकतं आणि भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो.

मग मी तुम्हाला विचारते, हा काळ कोणी काढायचा?

आम्ही इथे आलो तेव्हा पहिली चार वर्षं भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये होतो. त्या चार वर्षांत मी भिंतीत एक खिळा ठोकला नाही. बाल्कनीत कुंडीसुद्धा ठेवली नाही, कारण करार दर वर्षी नवा होता आणि मालक कधी नाही म्हणेल याचा नेम नव्हता. स्वतःचं घर झालं आणि पहिल्याच वसंतात यांनी मागच्या अंगणात सफरचंदाचं झाड लावलं. अपार्टमेंटमध्ये राहणारी मी आळशी होते, अडाणी होते की पर्यावरणाची शत्रू होते? मी फक्त एका सालाची भाडेकरू होते.

आमचं दिग्रसला, दारव्ह्याच्या रस्त्याला, सहा एकर कोरडवाहू वावर आहे. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं नाव लागलं. दादा नोकरीत, मी इथे. वावर मक्त्यानं दिलेलं आहे. दर गुढीपाडव्याच्या सुमारास व्यवहार ठरतो, पैसे आधी मिळतात, कागद नाही, सगळं तोंडी. सहा एकरांचा वर्षाचा मक्ता म्हणजे आमच्या इथल्या एका महिन्याच्या किराण्याचा खर्च. मला ते पैसे लागत नाहीत. तरी मी ते घेते, कारण “आपलं तिथे काहीतरी आहे” असं वाटत राहतं.

चित्रपटाच्या दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. म्हटलं, आपलं वावर वाहणाऱ्याला सेंद्रिय करायला सांग ना. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मक्त्याच्या वावरात शेणखत कोण टाकते, बाई? एका सालाचा मानूस तो. पुढच्या साली वावर आपन त्यालेच देऊ का दुसऱ्याले, त्याले काय मालूम?”

आपण दर साली माणूस का बदलतो? कूळ लागेल, म्हणजे वाहणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, म्हणून. विदर्भाचा १९५८ चा कूळकायदा आपल्या आजोबांच्या डोक्यात बसला, तिथून बाबांच्या डोक्यात आला आणि आता आपल्या. म्हणून कागद नाही. कागद नाही म्हणून त्याला पीककर्ज नाही, तो सावकाराकडे किंवा उधारीवर औषध देणाऱ्या कृषी केंद्राकडे जातो. ज्याच्याकडून उधारी घेतली, तो सांगेल तेच औषध फवारतो. कागद नाही म्हणून पीकविमाही नाही, नोंदणी केलेला भाडेकरार असेल तरच मक्तेदाराला तो काढता येतो. आणि अतिवृष्टी झाली, पीक सडलं, सरकारनं नुकसानभरपाई जाहीर केली, की ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जमा होते. म्हणजे तुमच्या-माझ्या खात्यात. पाऊस त्याच्या पऱ्हाटीवर पडला, मदत आपल्याला मिळाली, आणि मक्ता तर त्यानं पाडव्यालाच मोजून दिलेला.

त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कितीजणांचं गावी वावर आहे, हे मी जाणते. यवतमाळ, अकोला, वाशीम, अमरावती, खाली नांदेड-परभणीपर्यंत. आपण वर्षानुवर्षं एकमेकांना सातबाऱ्याच्या, वारसनोंदीच्या, मोजणीच्या गोष्टी सांगत आलो आहोत. तेच आपण चित्रपट संपल्यावर “ही माणसं” म्हणतो. आपण त्या गोष्टीचे प्रेक्षक नाही. आपण त्या शेतकऱ्याचे जमीनमालक आहोत. धुऱ्यावर उभं राहून आत राबणाऱ्याला उपाय सांगायचा आणि त्या उपायाची जोखीम पूर्ण त्याच्यावर टाकायची, हे मला पटत नाही. ऑरगॅनिक टी-शर्ट घेतल्यानं माझ्या सहा एकरांतली माती सुधारत नाही. ती सुधारायची तर मला ते वावर एका माणसाच्या हाती पाच-सात साल विश्वासानं द्यावं लागेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी दर सालचा तोंडी मक्ता सोडून पाच वर्षांचा नोंदणीकृत करार करावा. वकिलाला विचारा, कायदा नीट समजून घ्या, घाबरून बसू नका. मक्ता आधी वसूल करण्याऐवजी बटई करा, पिकात हिस्सा घ्या, म्हणजे पीक बुडालं तर आपणही बुडू. ज्या दोन सालांत तो रासायनिक सोडून शेणखतावर येईल, त्या सालांत काहीच घेऊ नका. भरपाई आपल्या खात्यात आली तर त्याच दिवशी त्याला पाठवा. आणि धुऱ्यावर झाड लावू द्या, पुढे त्यावर कोणाचा हक्क हा वाद न घालता.

मी हे सभेत ज्या सुरात बोलले, त्याबद्दल मात्र माफी मागते. ज्यांनी सेंद्रियचा प्रश्न विचारला त्यांच्या मनात कळवळाच होता. कोणाच्या घरी भावाभावांत वाद आहे, कोणाचं वावर विकलं गेलं आहे, कोणाची आई त्या मक्त्यावरच औषधं आणते. सगळ्यांना एकच काठी लावणं बरोबर नव्हतं. मी स्वतः गेली बारा वर्षं मक्ता घेत आले आहे, मग इतरांना बोलायचा मला काय अधिकार, असं कोणी म्हटलं तर तेही खरं आहे.

बोलायचं आणखीही होतं. त्याच कार्यक्रमात वडे आणि चहा थर्मोकोलच्या भांड्यांतून वाढले, त्यावर कोणीच काही बोललं नाही. उन्हाळ्यात आपण लॉनला रोज पाणी घालतो. २०१८ साली निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तेव्हा यवतमाळ शहर पाण्याच्या टँकरकडे डोळे लावून बसलं होतं, हे आपल्याच नातेवाइकांनी फोनवर सांगितलं होतं. आमच्या दिग्रसला अरुणावती धरण शेजारी असूनही नळाच्या पाळीप्रमाणे ड्रम भरून ठेवायची सवय माझ्या हाडात आहे, माझी लेक मात्र नळ सोडून दात घासते. यावर पुढच्या एखाद्या अंकात लिहीन.

लेकीच्या गाडीतल्या त्या वाक्याचं काय केलं, ते सांगते. एका रविवारी तिला शेजारी बसवून मी महाभूलेखच्या संकेतस्थळावर आमचा सातबारा उघडला. ती बोट ठेवून अक्षर अक्षर लावत वाचत होती. आजोबांचं आडनाव तिला वाचता आलं. मग माझं नाव आलं. पिकाच्या रकान्यात ‘कापूस’ होता. तिनं विचारलं, “म्हणजे ते आपलं आहे?” मी हो म्हटलं. “मग आपण ते औषध मारतो?” मी म्हटलं, आपण नाही, आपलं वावर वाहणारे काका मारतात. ती म्हणाली, “पण आपण त्यांना सांगितलं का, की मारलं नाही तरी चालेल?”

नाही सांगितलं. बारा वर्षांत एकदाही नाही.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा पाडवा जवळ आलेला असेल. दादाशी दोनदा बोलणं झालं आहे, तो अजून पूर्ण राजी नाही. पण या साली मक्त्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि पाच सालांचा कागद करायचा, यावर मी ठाम आहे. काकांशी मी स्वतः फोनवर बोलणार आहे. फवारणी कमी केल्यानं जे कमी पिकेल ते आमच्या हिश्श्यातून जाईल, हे त्यांना आधी सांगायचं आहे. बाकीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.