तटासाठीची जकात

तुळजापूरला देवीच्या दर्शनाला पुण्या-मुंबईहून गाड्या भरभरून जातात. त्यातल्या किती त्याच तालुक्यातल्या नळदुर्गाकडे वळतात? जे वळतात ते पाणीमहालाचे फोटो काढतात. बरोबरच आहे म्हणा, बोरी नदी अडवून बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधायचा (१६१३ साल, दुसरा इब्राहिम आदिलशहा, बांधणारा मीर इमादीन) ही गोष्टच भारी आहे. मला मात्र हल्ली तिथल्या तटबंदीत जास्त रस वाटतो.

काळ्या दगडाची ही एवढी मोठी भिंत, शंभरावर बुरुज. तिला आता शत्रू नाही, पिंपळ पाडतो. सांध्यात बी पडतं, मूळ चुन्यात शिरतं, काही पावसाळे जातात आणि चिरा पुढे सरकतो. रोप बोटभर असताना उपटायला एक माणूस पुरे. नंतर त्याचंच टेंडर निघतं. आमच्या धंद्यातही वेगळं काय होतं? नव्या फीचरला बजेट, जुन्या कोडच्या डागडुजीला "पुढच्या रिलीजला बघू" :)

तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये यावर एक उपाय होता, 'म्युरेज' नावाचा. गावात विक्रीला येणाऱ्या मालावर जकात घ्यायची परवानगी राजा द्यायचा, पण ठरावीक वर्षांसाठी, आणि पैसा घालायचा फक्त तटावर. कुठल्या मालाला किती, ते परवान्यातच लिहिलेलं. मुदत संपली की पुन्हा राजाच्या दारात. श्रुसबरी, यॉर्क अशा गावांचे तट या पैशावर उभे राहिले, टिकले. पैसे तिथंही खाल्ले जायचे! तक्रारी व्हायच्या, चौकशा लागायच्या. पण चौकशी करता यायची, कारण पैसा कशासाठी घेतलाय हे आधीच ठरलेलं असायचं.

जकात आपल्यालाही नवी नाही. मुंबईची तर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली. पण ती पालिकेच्या एकूण तिजोरीत जायची, एखाद्या भिंतीच्या नावानं नाही.

नळदुर्गाला एक प्रयोग झालाय. स्मारकं संगोपनाला देण्याच्या राज्य सरकारच्या २००७ च्या योजनेखाली २०१४ मध्ये किल्ला सोलापूरच्या एका कंपनीकडे दहा वर्षांच्या करारानं दिला गेला. साफसफाई झाली, बाग आली, बोटिंग आलं. "किल्ला विकला" ही ओरड मला पटत नाही. पण बाग बघून "किल्ला सुधारला" म्हणणंही पटत नाही. बाग दिसते, सांध्यातला चुना दिसत नाही, एवढाच फरक.

माझं म्हणणं सोपं आहे. किल्ला कुणीही चालवो, तिकिटावर छापा की यातले इतके रुपये तटाचे. खातं वेगळं, मुदत पाच वर्षं. दरवाजातच फलक लावा: जमा किती, खर्च कुठल्या बुरुजावर. तालुक्यातल्या लोकांना माफी द्या (म्युरेजमध्येही काही गावांच्या लोकांना माफी असायची). ज्या गडावर गुराख्याशिवाय कुणी फिरकत नाही तिथं हे चालणार नाही, कबूल. तिथं सरकारलाच खिशात हात घालावा लागेल.

आणि सुरुवातीला कोटी-बिटी नकोत. पावसाळा संपल्यावर दोन माणसं, दोर, कोयता आणि थोडा चुना. हा खर्च आधी भागवा, बाग नंतर.