व्यायामाची जोड

वैयक्तिक प्रशिक्षकाचे शुल्क एकट्याला पेलत नाही, तेव्हा कोणाबरोबर तरी तास वाटून घ्यावा, असे आपणास वाटते. विचार उत्तम आहे. परंतु जोडीदार शोधताना आपण प्रथम जिवलग मित्राकडे वळतो आणि बहुधा तेथेच चुकतो. (गप्पांसाठी व्यायामशाळा कशाला हवी?) तालमीत जोड पाहतात ती बळाची, येथे पाहावी ती वेळेची. रात्री जागणाऱ्या बालमित्रापेक्षा पहाटे सहाला न चुकता येणारा शेजारी बरा. ताकद कमीअधिक असली तरी बिघडत नाही. एक जण वजन उचलतो तेव्हा दुसरा दम घेतो, आणि दोन सेटमधील ती विश्रांती दोघांनाही हवीच असते. गैरहजेरीचे पैसे कोणी भरायचे, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवावे.

त्याहून अवघड बोलणे आजारांविषयीचे. प्रशिक्षकाची नजर आता दोघांत विभागली जाणार आहे. आपण मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल, तर व्यायामाने रक्तातील साखर फार उतरू शकते. थंड घाम, हातांची थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे अनेकदा शेजारच्या माणसालाच आधी दिसतात. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी आपला मधुमेह जोडीदारापासून सहा महिने लपविला. कारण विचारता म्हणाले, ‘‘तो मला धडधाकट समजतो.’’

आपल्या जोडीदाराला हे सारे आजच सांगा. आणि ग्लुकोजची पुडी पिशवीच्या कोणत्या कप्प्यात असते, तेही दाखवून ठेवा.