बाप्तिस्म्यानंतरचे लिहा

रिद्धपूरच्या दिवाळी अंकाची सुरुवात म्हाइंभटांना सोडून करता येत नाही. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथेच, रिद्धपूरला, ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. ज्याने पाहिले त्याला गाठायचे, ऐकलेले पडताळायचे, ही त्यांची रीत. शिष्यांचे रुसवे, त्यांच्या चुका, स्वामींनी केलेली कानउघाडणी, सारे त्यांनी लिहून ठेवले. एवढे गाळले असते तर त्या ग्रंथातला एकही माणूस आज आपल्या ओळखीचा वाटला नसता.

हीच रीत मनात धरून यंदा आम्ही मराठी ख्रिस्ती जीवनाकडे वळलो आहोत. अकोला, खामगाव, अमरावती या आपल्या वऱ्हाडातल्या गावांत ख्रिस्ती मंडळ्या कित्येक पिढ्यांपासून नांदत आहेत. उपासनेत उभे राहून साक्ष द्यायची, ही त्यांच्यातली मोठी हिमतीची प्रथा. आधी व्यसन होते, भांडणे होती, मग प्रभू भेटला, आता समाधान आहे. सांगणारा मनापासून सांगतो. मात्र ‘आता’ या शब्दापाशी साक्ष थांबते, आणि माणसाचे खरे आयुष्य तर तिथून पुढे चालू राहते.

ते पुढचे आयुष्य लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. ‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रातले टिळक धर्मांतरापूर्वी तापट, लहरी आणि पैशाच्या बाबतीत बेफिकीर आहेत, धर्मांतरानंतरही ते पुष्कळसे तसेच आहेत. त्यांचे औदार्य, त्यांना असलेली देवाची ओढ आणि त्यांचा संताप एकाच घरात नांदतात. स्वतःलाही लक्ष्मीबाईंनी सोडलेले नाही. सोवळे मनातून सुटताना झालेली घालमेल त्यांनी लपवली नाही. नवा विश्वास आला आणि शिवाशिवीची भावना त्याच क्षणी गळून पडली, असा सोपा चमत्कार त्यांनी रंगवला नाही. ज्या कवीची गीते चर्चमध्ये गायली जात होती, त्याच्याच पत्नीने 1930च्या दशकात हे छापले. गीते थांबली नाहीत. आजही ती गायली जातात. माझ्या मते मराठी ख्रिस्ती समाजाने मराठी वाचकाला दिलेले सर्वांत मोठे देणे हे पुस्तक आहे.

पंडिता रमाबाईंचे धैर्य निराळ्या जातीचे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. त्यानंतरही चर्चच्या सिद्धान्तांवर त्या आपल्या गुरुस्थानी असलेल्या ख्रिस्ती भगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. न पटलेले पटले म्हणाल्या नाहीत. पुढे 1907 मध्ये, त्यांचे केडगावचे मुक्ती मिशन जगभर माहीत झालेले असताना, त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. शेकडो मुली आणि स्त्रिया ज्यांच्या आधाराने राहत होत्या, त्यांनी हे लिहावे, याला काळीज लागते.

आज हे कोण बोलते? पाळकाने थकू नये, त्याच्या मुलांनी चुकू नये, अशी अपेक्षा धरून आपण त्याला एकटा पाडतो. सोयरीक जुळवताना जात हळूच विचारली जाते आणि रविवारी बंधुत्वावर प्रवचन ऐकले जाते. घरातले कर्ज, नैराश्य, मोडत आलेला संसार प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा ‘कौटुंबिक अडचण’ एवढ्यावरच राहतो. तरुण मुले हे सगळे पाहत असतात, आणि ती चर्चपासून दुरावली की दोष मोबाईलला दिला जातो. हे फक्त ख्रिस्ती घरांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. वारकरी, महानुभाव, बौद्ध, कोणत्याही घरातल्या वाचकाला इथे आपला उंबरठा दिसेल. पण पापाची कबुली ज्यांच्या उपासनेतच आहे, त्यांच्याकडून आम्ही जास्त मागतो, आणि आपुलकीने मागतो.

म्हणून या विभागातल्या लेखकांना आम्ही एकच सांगितले: बाप्तिस्म्यानंतरचे लिहा. आलेल्या लेखांत जात आहे, दारू आहे, देवावरचा राग आहे, आणि तरीही दर रविवारी चर्चकडे वळणारी पावले आहेत. काही लेखांना शेवट नाही. शुद्धलेखनापलीकडे आम्ही कशालाही हात लावलेला नाही.